अंधांसाठी संचारसाधने, इलेक्ट्रॉनीय

अंधांसाठी संचारसाधने, इलेक्ट्रॉनीय : दृष्टी नसलेल्या किंवा अत्यल्प असलेल्या व्यक्तीस वाटेतील अडथळे, जमिनीचा उंचसखलपणा, तसेच स्वतःचे स्थान व दिशा यांची जाणीव ध्वनी, कंपन अथवा वाणी यांच्या द्वारे करून देणारी उपकरणे. डोळस माणूस जे दुरून पाहतो ते या उपकरणांत ध्वनितरंग, प्रकाश किंवा रेडिओ तरंग यांच्या साह्याने शोधले जाते आणि कान व त्वचा या शाबूत ज्ञानेंद्रियांना कळेल अशा संकेतांत बदलून पोहोचविले जाते. बहुतेक उपकरणे पांढऱ्या काठीच्या जोडीला वापरावयाची असतात, काठीऐवजी नव्हे. जाहिरातींत हा भेद पुष्कळदा पुसला जातो, म्हणून तो आरंभीच नोंदविणे आवश्यक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानुसार उत्तम चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टितीक्ष्णता ३/६० पेक्षा कमी असणे किंवा दृष्टिक्षेत्र १०° पेक्षा कमी असणे म्हणजे अंधत्व होय. म्हणजेच कायद्याने अंध ठरलेल्या सर्वांपुढे पूर्ण अंधार असतो असे नाही. कोणाला उजेडाची दिशा कळते. कोणाला समोरचा चेहरा दिसतो, पण बाजूचा खांब दिसत नाही. रातांधळा मनुष्य दुपारी एकटा बाजारात जाऊन येतो आणि सूर्यास्तानंतर अंगणातही अडखळतो. साधनाची निवड या फरकांवर अवलंबून असते. २०११ च्या जनगणनेत भारतात दृष्टिदोषामुळे अपंगत्व आलेल्या सु. ५०·३ लाख व्यक्तींची नोंद झाली. २०१५–१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नास वर्षांवरील अंधांपैकी सु. ६६% लोकांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हे आढळले. अशा व्यक्तीला संचारसाधनाची नव्हे, तर शस्त्रक्रियेची गरज असते. साधन हातात देण्यापूर्वी नेत्रतपासणी झालीच पाहिजे.

काठी व तिच्या मर्यादा : काठीचा आधार पुरातन आहे, परंतु तिच्या वापराचे शास्त्र विसाव्या शतकातले. १९२१ मध्ये ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यांनी, अपघातात दृष्टी गेल्यानंतर, वाहनचालकांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी रंगविली. अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ च्या सुमारास युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी लांब काठीची पद्धत बसविली. जमिनीपासून छातीच्या मध्यभागापर्यंत पोहोचेल एवढी हलकी काठी घेऊन ती खांद्यांच्या रुंदीहून किंचित मोठ्या कंसात डावीउजवीकडे फिरवावयाची आणि जो पाय पुढे पडत असेल त्याच्या विरुद्ध बाजूस टोक टेकवावयाचे, असे हे तंत्र आहे. त्यामुळे पुढील पावलाची जागा आधीच तपासली जाते. पायरी, खड्डा, दगड, चिखल, डांबर व माती यांतील बदल हे सर्व टोकाकडून मनगटाला कळते. आजवरच्या कोणत्याही विद्युत् उपकरणाने जमिनीविषयी इतकी भरवशाची माहिती इतक्या अल्प किंमतीत दिलेली नाही.

काठीच्या उणिवा दोन. तिचा पल्ला जेमतेम एका पावलाचा असतो, आणि कमरेच्या वरचे तिला काहीच कळत नाही. उभ्या मालमोटारीचा मागे आलेला फाळका, अर्धवट उघडी खिडकी, खाली आलेली फांदी, बैलगाडीचे पुढे आलेले जू यांच्याखालून काठी निर्वेध जाते आणि माणूस छातीने किंवा कपाळाने आदळतो. इलेक्ट्रॉनीय साधनांचा जन्म मुख्यत्वे या उणिवांतून झाला.

इतिहास : पुष्कळ अंध व्यक्तींना भिंत जवळ आल्याचे स्पर्शाविना कळते. चेहऱ्याच्या त्वचेला हवेचा दाब जाणवत असावा, अशी जुनी समजूत होती. १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सूपा, कॉट्झिन व डॅलनबाख यांनी केलेल्या प्रयोगांत कान बंद केल्यावर ही शक्ती नाहीशी होते असे दिसून आले. पावलांच्या आवाजाचा प्रतिध्वनी हेच तिचे कारण होते. त्याच सुमारास वटवाघूळ श्राव्यातीत ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मार्ग काढते, हे डॉनल्ड ग्रिफिन यांच्या संशोधनाने प्रस्थापित झाले होते. माणूस जे ओबडधोबडपणे करतो तेच वटवाघळाच्या अचूकतेने यंत्राकडून करून घेता येईल, ही कल्पना यातून पुढे आली.

त्यापूर्वीचे प्रयत्न प्रकाशावर आधारलेले होते. पोलिश नेत्रवैद्य नॉयशेव्हस्की यांनी १८९७ मध्ये सिलिनियम घटाचा उपयोग करून उजेड व अंधार यांतील फरक जाणवून देणारे उपकरण तयार केले. फूर्न्ये द आल्ब यांनी १९१२ मध्ये प्रकाशाचे ध्वनीत रूपांतर करणारा ‘ऑप्टोफोन’ बनविला. खिडकी कोठे आहे हे त्याने कळे. पण खिडकी कोठे आहे हे अंधाला सहसा इतर मार्गांनीही कळते. त्यामुळे वाट चालण्यासाठी त्याचा उपयोग झाला नाही. मुद्रित मजकूर वाचण्याच्या यंत्राकडे तो पुढे वळविला गेला.

ट्रँझिस्टर आल्यानंतर उपकरण खिशात मावू लागले. लेस्ली के यांनी १९६० नंतरच्या दशकात हातात धरावयाची ‘ध्वनिविजेरी’ तयार केली व पुढे न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठात चष्म्याच्या चौकटीत बसविलेले दोन्ही कानांसाठीचे उपकरण विकसित केले. अमेरिकेत लिंडसे रसेल यांचे गळ्यात अडकवून छातीवर ठेवावयाचे उपकरण, न्यूझीलंडमध्येच निघालेला व हातात थरथरणारा मोवॅट संवेदक आणि १९७० नंतरच्या दशकात बाजारात आलेली लेसर काठी ही त्या पिढीतील प्रमुख साधने होत. लेसर काठीतून तीन अरुंद किरणशलाका निघत: एक वर डोक्याच्या उंचीकडे, एक समोर व एक खाली जमिनीकडे. खालच्या शलाकेचे परावर्तन अपेक्षित जागी आले नाही, म्हणजे पुढे जमीन तुटली आहे, असे समजून उपकरण सूचना देई. खड्ड्याची आगाऊ सूचना देण्याचा हा मोलाचा प्रयत्न होता. परंतु काठी महाग होती, नाजूक होती व दुरुस्तीसाठी दूर पाठवावी लागे.

याहून महत्त्वाकांक्षी असा एक प्रवाह अडथळा नव्हे, तर सबंध दृश्यच दुसऱ्या इंद्रियाकडे नेण्याचा आहे. बाक-ई-रीता यांनी १९६९ मध्ये कॅमेऱ्यातील चित्र पाठीवरील कंपनबिंदूंनी उमटविले. पेटर मायर यांनी १९९२ मध्ये चित्राचे ध्वनीत रूपांतर करणारी प्रणाली प्रसिद्ध केली. मेंदूच्या अभ्यासास या प्रयोगांनी मोठी चालना दिली. रोजच्या चालण्यात त्यांचा प्रसार मात्र मर्यादितच राहिला.

कार्यतत्त्व : आज प्रचारात असलेली बहुसंख्य उपकरणे श्राव्यातीत ध्वनीवर चालतात [→ श्राव्यातीत ध्वनिकी]. दाबविद्युत् स्फटिकाला विद्युत् स्पंद दिला असता तो सु. ४० किलोहर्ट्‌झ कंप्रतेने कंप पावतो व माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा एक छोटा झोत बाहेर पडतो. तो वस्तूवर आपटून परत येईपर्यंतचा काळ मोजला की अंतर मिळते. २०° से. तापमानास हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मी. असतो, म्हणून तीन मीटरांवरील भिंतीचा प्रतिध्वनी सु. १७·५ मिलिसेकंदांत परत येतो. उन्हाळ्यात तापमान ३५° से. झाले, तर वेग ३५२ मी. होतो व तीन मीटरांत जेमतेम आठ सेंमी. चूक पडते, चालणाऱ्याच्या दृष्टीने ती नगण्य आहे.

खरी अडचण परावर्तनाची आहे. ४० किलोहर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी सु. ८·६ मिमी. असते. तिच्या मानाने गुळगुळीत असलेला पृष्ठभाग, उदा., काच, पत्रा, रंगविलेली भिंत, ध्वनीला आरशासारखा वागवितो. झोत तिरपा पडला, तर तो तिरपाच निघून जातो व उपकरण वाट मोकळी असल्याचे सांगते. कापूस, गोधडी, गवताचा भारा हे ध्वनी शोषून घेतात. बारीक तारेचा प्रतिध्वनी क्षीण असतो. उलटपक्षी झाडाचे खोड, माणूस, खांब, खडबडीत भिंत यांचा प्रतिध्वनी चांगला मिळतो.

मिळालेली माहिती माणसाला कशी सांगावयाची, हा प्रश्न मोजणीपेक्षाही अवघड आहे. के यांच्या उपकरणात कंप्रता सतत बदलणारा झोत सोडला जाई व परतलेल्या झोताशी तो मिसळून श्राव्य स्वर निर्माण होई: वस्तू दूर तर स्वर उंच, जवळ तर खालचा. पृष्ठभागाच्या पोतानुसार स्वराची जातही बदलत असे. सरावलेल्या व्यक्तीला पानांचे कुंपण व भिंत यांतील फरक ओळखता येई. परंतु हे शिकण्यास दीर्घ काळ लागे. शिवाय ज्या कानांनी मोटारीचा आवाज, पावलांचा प्रतिध्वनी व माणसांची बोलणी ऐकावयाची, तेच कान उपकरणाने अडविले जात. म्हणून पुढील साधनांनी कंपनाचा मार्ग पत्करला. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातील संशोधनातून निघालेल्या ‘अल्ट्राकेन’मध्ये मुठीवरील दोन बटणे अंगठ्याखाली थरथरतात, एक खालच्या, तर दुसरे डोक्याच्या पातळीवरील अडथळ्याची खूण देते.

भारतातील साधन : दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत प्रा. एम्. बालकृष्णन् यांच्या मार्गदर्शनाखाली रोहन पॉल व सहकारी यांनी २००५ च्या सुमारास विद्यार्थी-प्रकल्प म्हणून ज्याची सुरुवात केली, ते ‘स्मार्टकेन’ हे उपकरण २०१४ मध्ये बाजारात आले. सक्षम न्यास, चेन्नईची फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स ही कंपनी व वेलकम ट्रस्ट यांचा त्यात सहभाग होता. हे उपकरण म्हणजे संपूर्ण काठी नव्हे, तर नेहमीच्या घडीच्या पांढऱ्या काठीवर बसविता येणारी मूठ आहे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे घराबाहेर सु. तीन मी. व घरात सु. १·८ मी. अंतरावरून तिला कळतात आणि अंतराप्रमाणे मुठीतील कंपनाचा आकृतिबंध बदलतो. आतील विद्युत् घट पुन्हा भारित करता येतो. आरंभीची किंमत सु. तीन हजार रुपये होती. परदेशी साधनांच्या मानाने ती फारच कमी होय. काठी जमिनीवरच राहते व इलेक्ट्रॉनीय भाग फक्त वरच्या भागाची जबाबदारी घेतो, ही श्रमविभागणी या रचनेतील शहाणपणाची गोष्ट आहे. मुठीचा घट संपला, तरी काठी काठीच राहते.

ग्रामीण परिस्थितीतील उपयोग : या विषयावरील बहुतेक वाङ्मय फरसबंदी पदपथ गृहीत धरून लिहिलेले आहे. तो जेथे नाही तेथे काय होते, हे पाहण्यास ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके उपयुक्त ठरतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचा डोंगराळ व आदिवासी भाग मुख्यतः या दोन तालुक्यांत आहे. माहुली, सिद्धगड, नाणेघाट व माळशेज यांच्या पायथ्याशी ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली इ. जमातींचे पाडे विखुरलेले आहेत. पाड्यापासून सडकेपर्यंतची वाट बहुधा भातखाचरांच्या बांधांवरून, ओहोळातून किंवा साकवावरून जाते. पावसाळ्यात अडीच हजार मिमी.च्या आसपास पाऊस पडतो.

बांधाची रुंदी पुष्कळदा हातभरच असते. अशा बांधावर श्राव्यातीत उपकरण मूक राहते, कारण समोर उभे असे काहीच नसते. धोका दोन्ही अंगांना खाली असतो. येथे काठीचे टोकच उपयोगी पडते, व तेही पद्धत बदलून. खांद्याएवढ्या कंसात काठी फिरविली, तर ती दोन्हीकडे चिखलात रुतते; म्हणून काठी अंगासमोर तिरपी धरून बांधाच्या एका कडेशी टोक घासत चालावे लागते. आश्विन-कार्तिकात भात तयार झाल्यावर ओंब्या बांधावर झुकतात व उपकरण सतत अडथळ्याची सूचना देऊ लागते. सतत वाजणारी सूचना आणि मुळीच नसलेली सूचना यांत व्यवहारतः फरक नाही. वापरणारा थोड्याच वेळात कळ बंद करतो. येथे दोष कारागिरीचा नाही. रस्त्यावर ज्याला अडथळा म्हणावयाचे तेच शेतात नुसते रान असते.

पावसाळ्यात आणखी अडचणी येतात. पाण्याचा थेंब संवेदकाच्या तोंडावर बसला, तर झोत अडतो. एका हातात काठी व दुसऱ्या हातात छत्री असली, की तोल सावरण्यास हात उरत नाही. डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद असला, तर त्यावर पडणाऱ्या सरींच्या आवाजात ध्वनिसंकेतच काय, हाकही ऐकू येत नाही. ओहोळाचा खळखळाट ही एरवी उत्तम दिशाखूण. पण जोराच्या पावसात सर्व बाजूंनी पाणीच वाजत असते. अशा वेळी मुठीतील कंपन हा संदेशाचा सर्वांत भरवशाचा मार्ग ठरतो, बोटे बधिर झालेली नसतील तर. वृद्धांमध्ये व विशेषतः दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांमध्ये बोटांची संवेदना मंदावलेली असते. त्यांना कंपनाची मूठ देण्यापूर्वी बोटांची परीक्षा घेणे इष्ट असते.

गावठाणात व बाजारपेठेत मात्र हेच उपकरण उपयोगी ठरते. घराच्या खाली आलेल्या पाखाडीचे वासे, मांडवाचे आडवे बांबू, सोडलेल्या बैलगाडीचे जू, शहापूर व मुरबाड येथील बाजाराच्या दिवशी दुकानांपुढे आलेल्या ताडपत्र्यांच्या काठ्या, उभा टेंपो हे सर्व काठीला चुकविणारे व मुठीला सापडणारे अडथळे आहेत. बांधावर मुठीची कळ बंद ठेवावी आणि पेठेत शिरताना ती चालू करावी, असे शिकविणे अधिक फलदायी होते. उपकरणासोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकांत असली सूचना सहसा आढळत नाही.

सर्वांत गंभीर धोका कठडा नसलेल्या विहिरीचा. मुंबईला पाणी पुरविणारे तानसा, मोडकसागर व भातसा हे जलाशय ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचे पाणी ओढावे लागते. विहिरीकडे जाणारी वाट रोजची, पायाखालची असते, आणि नेमक्या त्यामुळेच तेथे सावधगिरी कमी होते. समोर पाहणाऱ्या श्राव्यातीत संवेदकाला विहीर म्हणजे मोकळी हवा. लेसर काठीची खालची शलाका तत्त्वतः तिची सूचना देऊ शकते. परंतु ते साधन येथे कोणाच्या हाती नाही. काठी योग्य रीतीने टेकविली, तर कडा कळते, तीही एका पावलापुरतीच. म्हणून विहिरीभोवती गुडघ्याच्या वर येईल एवढे दगडी जोते किंवा निदान अलीकडे दोन-तीन पावलांवर खडीचा उंचवटा करणे, हे त्या पाड्यातील अंध व्यक्तीसाठी कोणत्याही उपकरणापेक्षा मोठे संचारसाधन होय. असा खर्च संचारसाधनांच्या हिशेबात धरण्याची पद्धत मात्र नाही.

ग्रामीण अंधांच्या बाबतीत आणखी एक संचारसाधन रूढ आहे, ते म्हणजे घरातील मूल. काठीचे एक टोक आजोबांच्या हातात व दुसरे नातवाच्या, हे दृश्य परिचित आहे. यात जिव्हाळा असला, तरी त्या मुलाची शाळा बुडते व आजोबांचे बाहेर जाणे त्याच्या सवडीवर राहते. साधनाची उपयुक्तता मोजताना टळलेल्या टकरींबरोबरच, कोणाला न विचारता घराबाहेर पडता आले काय, हेही विचारात घेतले पाहिजे.

वाटप व प्रशिक्षण : केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या साहाय्य-योजनेखाली ठराविक उत्पन्नमर्यादेत अपंगांना साधने विनामूल्य किंवा सवलतीत दिली जातात. कानपूर येथील भारतीय कृत्रिम अवयव निर्माण निगम त्यांचा मोठा पुरवठादार आहे. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघासारख्या संस्थाही या क्षेत्रात काम करतात. साधने बहुधा तालुक्याच्या ठिकाणी शिबिरात वाटली जातात; शिबिर एका दिवसाचे असते, तर दिशाज्ञान व चलनवलन यांचे शिक्षण काही आठवड्यांचे, आणि ते त्या व्यक्तीच्या स्वतःच्या वाटेवर द्यावे लागते. ज्याला साधी काठी फिरविण्याचे तंत्र शिकविलेले नाही, त्याला विजेवर चालणारी मूठ देणे निरर्थक आहे. अशी साधने पेटीत कापडात गुंडाळून जपून ठेवलेली आढळतात. घट निकामी झाला, तर तो बदलून देणारा माणूस तालुक्यात असणे हीदेखील साधनाच्या योजनेचीच बाब मानली पाहिजे.

स्थाननिर्देशक साधने : अडथळा टाळणे हे एक काम, आपण कोठे आहोत हे कळणे हे दुसरे. कृत्रिम उपग्रहांवरून स्थान काढण्याच्या पद्धतीचा अंधांसाठी उपयोग करण्याची कल्पना जॅक लूमिस यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडली. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकल्यावर ही पद्धत पायी चालणाऱ्याला उपयोगी पडू लागली. उघड्यावर साध्या भ्रमणध्वनीवर पाच ते दहा मीटरांची अचूकता मिळते. सडकेवर एवढी पुरते. हातभर बांधावर पुरत नाही. पाड्यांच्या पायवाटा नकाशांत बहुधा नसतात. तरीही शाळा, फाटा, दवाखाना अशी ठिकाणे स्वतः नोंदवून ठेवल्यास, ‘फाटा शंभर मीटर, उजवीकडे’ एवढे मराठीत ऐकविणारी व्यवस्था दिलासा देणारी ठरते. कॅमेऱ्यासमोरील फलक वाचून दाखविणारी व वस्तू ओळखणारी कार्यक्रमप्रणालीही २०१७ नंतर भ्रमणध्वनीवर सुलभ झाली आहे. तिला उजेड, पुष्कळदा आंतरजाल व एक मोकळा हात लागतो. चालताना तिचा वापर टाळणे बरे.

एस.टी.च्या थांब्यावर आलेली गाडी कोणती, हे विचारण्यास दुसरा माणूस लागतो. मुरबाडला कल्याणहून येणाऱ्या अंध प्रवाशाची ही नित्याची अडचण. दिल्लीच्या त्याच संस्थेत यासाठी एक रेडिओ उपकरण तयार करण्यात आले. प्रवाशाने बटण दाबले, की जवळच्या गाड्यांवरील घटक आपापला मार्गक्रमांक कळवितात. हवी ती गाडी निवडताच तिच्या दारावरील ध्वनिक्षेपक वाजू लागतो व प्रवासी आवाजाच्या रोखाने दार गाठतो. मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. मात्र प्रत्येक गाडीवर घटक बसविल्याशिवाय प्रवाशाच्या हातातील घटकाला अर्थ नाही.

शहापूर तालुका कसारा मार्गावर असून वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही त्यातील स्थानके आहेत. मुंबई उपनगरी रेल्वेच्या अनेक फलाटांवर अपंगांसाठी राखून ठेवलेला डबा जेथे थांबतो त्या जागी ठराविक अंतराने टिकटिकणारा ध्वनिसूचक बसविलेला असतो. रचनेने तो अतिशय साधा आहे. प्रवाशाला त्यासाठी काही विकत घ्यावे, भारित करावे, शिकावे किंवा जवळ बाळगावे लागत नाही; आवाजाच्या दिशेने काठी टेकीत गेले, की डब्याचे दार सापडते.